मखमलीवर आडवं ठेवलेलं एक फूल

नमस्कार मंडळी! आज एका चित्रकाराबद्दल बोलायचंय, मार्टिन जॉन्सन हीड. अमेरिकन माणूस, जन्म १८१९ चा, पेनसिल्व्हेनियातला. नाव ऐकलेलं नसेल तर काही बिघडत नाही, तो गेल्यावर खुद्द अमेरिकेतसुद्धा चाळीसेक वर्षं त्याला कोणी विचारत नव्हतं.

हा माणूस आयुष्यभर फिरला. १८६३ मध्ये ब्राझीलला गेला तो हमिंगबर्ड रंगवायला, शिवाय समुद्रावरची वादळं, आणि किनाऱ्याची दलदल आणि तिथल्या गवताच्या गंजी तर शंभरच्या वर वेळा. आणि १८८३ मध्ये, साठी उलटून गेल्यावर, लग्न करून फ्लोरिडात सेंट ऑगस्टिनला स्थायिक झाला. तिथे हेन्री फ्लॅगलर नावाच्या धनाढ्य माणसाने १८८८ मध्ये पॉन्स द लिऑन हे आलिशान हॉटेल उघडलं, चित्रकारांसाठी मागच्या बाजूला स्टुडिओ दिले, त्यातला एक हीडचा. थंडीत येणारे टुरिस्ट तिथून चित्रं विकत घ्यायचे.

आणि इथे त्याने धरलं मॅग्नोलिया. तिकडच्या दक्षिण भागातलं मोठं सदाहरित झाड, फूल जवळजवळ जेवणाच्या ताटाएवढं, पांढरं, जाड पाकळ्यांचं, वास लिंबासारखा. हीडने ते बहुतेक वेळा फुलदाणीत ठेवलंच नाही! फांदी तोडून सरळ मखमलीवर आडवी ठेवली, कधी लाल, कधी निळी, कधी सोनेरी मखमल, आणि काही चित्रांत तर फक्त एकच उमललेलं फूल आणि भोवती पानं, बस. कॅनव्हास साधारण ३८ बाय ६१ सेंटिमीटर, म्हणजे फूल जवळपास खऱ्या मापाचं दिसतं.

आता पानांकडे बघा, कारण माझ्या मते खरा हीड तिथे आहे. मॅग्नोलियाचं पान वरून गडद हिरवं, चकचकीत, आणि उलटं केलं की खालून तांबूस, गंजासारख्या रंगाची मऊ लव. हीड मुद्दाम काही पानं उलटी पडलेली दाखवतो, त्यामुळे एकाच फांदीत चमक आणि लव दोन्ही येतात, त्यात खाली मखमल, तिची लव आणखी वेगळी, आणि मधे पाकळी, जी ना चमकते ना लव दाखवते, फक्त प्रकाश धरून ठेवते. पाकळीच्या वाटीत सावली पिवळसर होत जाते ती इतकी हळू की कुठे सुरू झाली ते कळत नाही. इतकी वर्षं दलदलीवरचा संध्याकाळचा उजेड रंगवलेला हात आहे हो तो, उगाच नाही जमत असं.

या फुलाला हात लावला की डाग पडतो, पाकळी तपकिरी होते. आपला सोनचाफा याच मॅग्नोलिया कुळातला, ओंजळीत घेतलेला सोनचाफा संध्याकाळपर्यंत कसा काळवंडतो ते तुम्हाला माहितीच आहे. म्हणजे तोडलेलं फूल समोर ठेवून रंगवायला वेळ किती थोडा! तरी चित्रात घाई कुठेच नाही, आणि म्हणूनच हा माणूस मला फार मोठा वाटतो.

१९०४ मध्ये हीड गेला, चित्रं घराघरांत विखुरली. इंडियानातल्या एकाने जुन्या फर्निचरसोबत थोडक्या पैशांत एक चित्र घेतलं आणि भिंतीतलं भोक झाकायला टांगलं! पुढे चित्रांच्या लिलावाचा एक बोर्ड गेम खेळताना त्याला तसंच चित्र दिसलं आणि डोक्यात प्रकाश पडला. ते निघालं हीडचं सोनेरी मखमलीवरचं मॅग्नोलिया, १९९९ मध्ये ह्यूस्टनच्या म्युझियमने साडेबारा लाख डॉलरला घेतलं. निळ्या मखमलीवरचं चित्र वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे, २००४ मध्ये त्याचं पोस्टाचं तिकीटही निघालं. गॅलरीच्या वेबसाइटवर ते फुकट बघता येतं, फोनवर नको, मोठ्या स्क्रीनवर उघडा, आणि फुलाच्या आधी उलट्या पडलेल्या पानांवर झूम करा.