पिछोल्याला पाणी किती फूट?

[दृश्य: गेटवेचा धक्का, सकाळ. घारापुरीच्या लाँच ओळीने लागलेल्या. ओहोटी आहे, खालच्या शेवाळलेल्या पायऱ्या उघड्या पडल्यात.]

गेटवेला किंवा भाऊच्या धक्क्याला लाँच पकडणाऱ्याला भरती-ओहोटी शिकवावी लागत नाही. आत्ता जिथे पाय घसरतोय, त्या पायरीवर सहा तासांनी पुरुषभर पाणी असेल. तलावाला मात्र आपण भरती-ओहोटी नसतेच असं धरून चालतो. ती असते, पण वर्षातून एकदाच. पावसाळ्यात भरती येते आणि पुढचा जून उजाडेपर्यंत ओहोटी चालते.

उदयपूरला पिछोला तलावातले महाल बघायला जायचं असेल, तर हॉटेल आणि गाडी ठरवण्याआधी ही ओहोटी कुठवर आलीय ते बघा.

[दृश्य: पिछोला, पूर्वेकडच्या काठावर सिटी पॅलेसची लांबच लांब भिंत.]

पिछोला माणसाने बांधलेला आहे. चौदाव्या शतकात एका बंजाऱ्याने इथे बांध घातला, असं परंपरा सांगते. पुढे १५५९ मध्ये महाराणा उदयसिंह दुसरे यांनी शहर वसवलं आणि तलाव वाढवला. आजचा तलाव साधारण चार किलोमीटर लांब आणि तीन किलोमीटर रुंद आहे. तो भरतो तो मुख्यतः सिसारमा नदीच्या पाण्यावर. उदयपूरचा वर्षाचा सरासरी पाऊस ६०० ते ६५० मिलीमीटर, म्हणजे मुंबईच्या एकट्या जुलैपेक्षाही कमी. एक पावसाळा रुसला की तलाव खाली जातो, लागोपाठ दोन रुसले की तळ दिसतो. या शतकाच्या पहिल्या दशकातल्या दुष्काळात पिछोल्याच्या मोठ्या भागात नुसती भेगाळलेली माती उरली होती आणि पाण्यातले महाल कोरड्या जमिनीवर उभे होते.

जुलैत वर्तमानपत्र उघडून तानसा, भातसा, मोडकसागरचे आकडे बघायची मुंबईकराला सवय असते. तीच सवय इथे वापरायची. पिछोल्याची पातळी स्थानिक बातम्यांत फुटांत येते. ११ फूट म्हणजे तलाव पूर्ण भरला. हा आकडा मोजपट्टीवरचा आहे, तलावाची खोली नव्हे. खोली काही ठिकाणी त्याहून बरीच जास्त आहे. सिसारमा किती फुटांवरून वाहतेय हेही त्याच बातमीत असतं. चांगल्या पावसाच्या वर्षी सप्टेंबरअखेरपासून फेब्रुवारीपर्यंतचे दिवस उत्तम. मे महिना टाळा. पातळी उतरली की काठाचा चिखल आणि खडक उघडे पडतात, बोटीला वळसे घ्यावे लागतात आणि उथळ पाण्यातली वेल इंजिनाच्या पंख्यात गुंडाळते. मग मध्येच इंजिन बंद करून, पंखा वर उचलून, हाताने वेल सोडवावी लागते. अशा वेळी सगळ्यांनी एकाच बाजूला वाकून बघू नये, बोट त्या बाजूला कलते.

मुंबईहून वांद्रे टर्मिनसवरून थेट गाडी आहे. विमानाने गेलात तर डबोकचा विमानतळ शहरापासून सुमारे २२ किलोमीटरवर आहे.

[दृश्य: रामेश्वर घाट. प्रवासी जीवरक्षक जाकिटं घालतायत.]

बोटी एकापेक्षा जास्त घाटांवरून सुटतात. सिटी पॅलेसच्या आवारातला रामेश्वर घाट आहे, दूध तलाईजवळूनही फेऱ्या निघतात. तिकीट काढताना एकच प्रश्न स्पष्ट विचारा: बोट जगमंदिरच्या बेटावर उतरवणार, की लांबून फेरी मारून परत आणणार? दोन्हींना सरसकट ‘बोट राइड’च म्हणतात आणि हा प्रश्न न विचारलेली माणसं बेटाच्या पायऱ्या पाण्यातूनच बघून परततात. रामेश्वर घाटावर जायला पॅलेसचं प्रवेश तिकीटही लागतं का, तेही तिथेच विचारून घ्या. जाकिटाचा पट्टा छातीवर घट्ट बसला पाहिजे. सैल जाकीट पाण्यात वर सरकतं आणि हनुवटीत अडकतं. बोटीत पाय मधोमध टाकायचा, काठावर नाही.

आता वेळ. इथे उजेडाचं गणित ध्यानात ठेवलं तर एका दिवसात दोन वेगळे तलाव दिसतात. सिटी पॅलेस पूर्व काठावर आहे आणि त्याची तलावाकडची बाजू पश्चिमेला, म्हणून सकाळी ती भिंत सावलीत काळवंडलेली असते आणि दुपारी चारनंतर सोनेरी होते. पाण्यातल्या जगनिवास महालाचं तोंड पूर्वेला आहे. उगवत्या सूर्याचं दर्शन व्हावं म्हणून तो तसा बांधला, असं सांगतात. त्याचा पांढरा रंग सकाळीच खुलतो. सगळी गर्दी सूर्यास्ताच्या बोटीला असते. आमचं मत विचाराल तर पहिली बोट पकडा आणि संध्याकाळ काठावरून बघा.

[दृश्य: बोट जगनिवासला वळसा घालते.]

जगनिवास महाराणा जगतसिंह दुसरे यांनी १७४३ ते १७४६ या काळात बांधला. पाया नैसर्गिक खडकाचा, सुमारे दीड हेक्टर. खडक जवळजवळ सगळा बांधकामाने व्यापलाय, त्यामुळे भिंती थेट पाण्यातून उगवल्यासारख्या दिसतात. १९६३ पासून इथे हॉटेल आहे. आत जायला तिथलं आरक्षण लागतं, बाकीच्यांना वळसाच.

[दृश्य: जगमंदिरचा धक्का, दगडी हत्तींची रांग.]

उतरायचं ते जगमंदिरवर, दक्षिणेकडच्या बेटावर. महाराणा करणसिंहांच्या काळात इथलं काम पुढे गेलं आणि जगतसिंह पहिले यांनी ते पूर्ण केलं. त्यांची कारकीर्द १६२८ ते १६५२. धक्क्यावरचे दगडी हत्ती पाण्याकडे तोंड करून उभे आहेत. त्यांच्या जोत्यापासून पाणी किती खाली आहे ते बघा, मोजपट्टी न वाचताही वर्ष कसं गेलं ते कळतं.

आत पिवळसर वालुकाश्माचा, घुमट असलेला गुल महाल आहे. जहांगीरविरुद्ध बंड केलेला शहजादा खुर्रम, म्हणजे पुढचा शाहजहान, १६२० च्या दशकात इथे आश्रयाला होता. मेवाडचं घराणं मुघलांशी पिढ्यान् पिढ्या लढलेलं. त्याच घराण्याने मुघल शहजाद्याला बेटावर ठेवलं. १८५७ च्या उठावात नीमचच्या छावणीतून पळालेल्या युरोपीय कुटुंबांना महाराणा स्वरूपसिंहांनी याच बेटावर ठेवलं. पाठलाग होऊ नये म्हणून शहरातल्या नावा नष्ट करवल्या, असं सांगतात. होडीच नसेल तर बेट किल्ल्यासारखं होतं. मुरूडकरांना हे वेगळं सांगायला नको.

बाग घाईत बघू नका. अंगणात काळ्या-पांढऱ्या फरशा, मधे फुलांचे वाफे, जाई, गुलाब, कडेला ताड. मग भिंतींच्या खालच्या हातभर भागाकडे बघा. चुन्याचा गिलावा पाणी वर ओढतो. पाणी वाफ होऊन जातं, त्यातले क्षार मागे राहतात, फुगतात आणि गिलावा पापुद्र्यांनी सुटतो. त्यावर सिमेंट थापलं तर ओल कोंडते आणि आणखी वर चढते, म्हणून अशी डागडुजी चुन्यानेच करावी लागते.

उतरतानाच परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ विचारून ठेवा.

[दृश्य: फतेहसागर. दूर बेटावर पांढरी वेधशाळा.]

अर्धा दिवस हाताशी असेल तर शेजारचा फतेहसागर. तिथे नेहरू उद्यान ही बेटावरची बाग आहेच, पण नजर दुसऱ्या बेटाकडे लावा. तिथे १९७६ पासून सौर वेधशाळा आहे. जमीन उन्हाने तापते, वरची हवा थरथरते आणि दुर्बिणीतला सूर्य अस्थिर दिसतो. पाणी सावकाश तापतं, म्हणून त्याच्यावरची हवा शांत राहते. राण्यांना गारवा देणारं पाणी इथे सूर्याचं चित्र स्थिर ठेवतं.

[दृश्य: स्वरूपसागरचे दरवाजे उघडलेले, पाणी फेसाळत खाली.]

भरल्या वर्षी पिछोल्याचं जास्तीचं पाणी त्याला जोडलेल्या स्वरूपसागर तलावाच्या दरवाजांतून आयड नदीत सोडतात. आयडमधून उदयसागर, पुढे बेडच, बनास, चंबळ, यमुना आणि गंगा. तुमची बोट जिथे तरंगली ते पाणी बंगालच्या उपसागराला निघालंय.