दुखवट्याच्या घरी, दोन हात अंतरावरून

श्रोतेहो, नमस्कार.

घरात मयत झालं की आपल्याकडे शेजारपाजार धावून येतो. बायका गळ्यात पडून रडतात, कोणी चहा टाकतं, कोणी पोरांना जेवू घालतं. पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनच्या खेड्यापाड्यांतही असंच असतं. शिवाय मृताला न्हाऊ घालून स्वच्छ कपडे नेसवणं हे तिथे घरच्यांचं शेवटचं कर्तव्य. 2014 साली इबोलाची साथ आली आणि नेमकी या मायेच्या वाटेनेच ती घरोघर शिरली. इबोलाने गेलेल्या माणसाच्या शरीरात विषाणूंची संख्या अफाट असते, त्यामुळे आंघोळ घालणाऱ्यांनाच लागण व्हायची. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं होतं, की नव्या लागणींपैकी किमान 20 टक्के अंत्यविधींमधून होताहेत.

मी नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती घरात वाढलेली. एका ख्रिस्ती मदत संस्थेबरोबर मी त्या काळात सिएरा लिओनच्या बो जिल्ह्यात होते. साथीचे आकडे तुम्ही तेव्हा वर्तमानपत्रांत वाचले असतील. मला आज बोलायचं आहे ते दुखवट्याला जाण्याबद्दल.

सुरुवातीला सरकारी पथकं यायची ती डोक्यापासून पायापर्यंत झाकलेली. प्रेत काळ्या पिशवीत घालून गाडीत टाकायचे आणि निघून जायचे. ना प्रार्थना, ना कबरीवर नाव. मग लोकांनी आजारी माणसं लपवायला आणि रात्री गुपचूप पुरायला सुरुवात केली. त्यांना अडाणी म्हणणाऱ्यांचा मला तेव्हाही राग यायचा, आजही येतो. कोविडच्या दिवसांत आपलं माणूस प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून नेताना ज्यांनी लांबून पाहिलं, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

नोव्हेंबर 2014 मध्ये दफनाचे नवे नियम आले. ते ठरवताना चर्चच्या आणि मुस्लिम संस्थांच्या लोकांनाही विचारलं गेलं होतं. काळ्या पिशव्या जाऊन पांढऱ्या आल्या, कारण कफन पांढरं असतं. पथकाने आधी घरच्यांशी बोलायचं, मगच पोशाख चढवायचा. पिशवीत सोबत काही ठेवायचं असेल तर तेही विचारायचं. पाळक किंवा इमाम हजर राहणार, मृत मुस्लिम असेल तर पाण्याऐवजी तयम्मुम, म्हणजे मातीने केलेली प्रतीकात्मक शुद्धी होणार, घरचे सुरक्षित अंतरावर उभे राहून प्रार्थना करणार आणि कबरीवर नावाची पाटी लागणार. एवढंच मिळाल्यावर लोक स्वतःहून 117 क्रमांकावर फोन करून मृत्यूची खबर देऊ लागले. औषध तेव्हा हाताशी नव्हतं. साथ आटोक्यात आणण्यात या सन्मानाचा वाटा फार मोठा होता, असं मी ठामपणे म्हणेन.

पथकातली ती तरुण पोरंही आठवतात. परक्यांची प्रेतं पुरायची आणि स्वतःच्या घरी मात्र उंबऱ्याच्या आत पाऊल टाकू द्यायचे नाहीत, अशी कितीतरी जणांची गत होती.

एका घराबद्दल सांगते. मातीच्या भिंती, वर पत्रा, दारात क्लोरीनच्या पाण्याची तोटीवाली बादली आणि अंगणाभोवती दोरी. घरातला कर्ता पुरुष गेलेला. बायको, म्हातारी सासू आणि लेकरं 21 दिवसांच्या विलगीकरणात. कुटुंब मुस्लिम होतं. गावचे इमाम आणि मी असे दोघं गेलो. तिकडे एकाच घरात मशिदीत जाणारे आणि चर्चला जाणारे असतात, त्यामुळे याचं कोणाला नवल वाटलं नाही. दोरीच्या बाहेर प्लॅस्टिकच्या खुर्च्या टाकून बसलो. इमाम क्रिओ भाषेत एवढंच म्हणाले, ‘ओश या.’ दुःखात असलेल्याला तिकडे असंच म्हणतात. मग बराच वेळ कोणीच बोललं नाही.

बायबलमधल्या, सारं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याशेजारी जमिनीवर गप्प बसले होते. बोलू लागल्यावरच त्यांचं बिनसलं. सांत्वनाला जाताना धर्माची पत्रकं घेऊन जाऊ नये, हे माझं स्पष्ट मत आहे.

शेवटी त्या घरच्या विधवेनेच विचारलं, ‘त्यांच्या अंगावर काय होतं?’ दफनाच्या वेळी मी तिथे होते, म्हणून सांगू शकले: तिने दिलेला निळा झगा पथकाने पिशवीत नीट घडी करून ठेवला होता. तिने पुन्हा विचारलं, ‘नीट घडी करून?’ मी म्हटलं, ‘हो, बाहीवर बाही ठेवून.’ सासू तेव्हा कुठे रडली.

विलगीकरणात तांदूळ, डाळ, तेल मिळत होतं. पण दोरी सुटल्यावर खरी अडचण आली. कोणालाही ताप आलेला नव्हता, तरी बाजारात तिचं पामतेल कोणी घेईना, विहिरीवर बायका बाजूला सरकायच्या. साथ पसरलेल्या गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओन या तिन्ही देशांत मिळून 16 हजारांहून जास्त मुलांनी आई, वडील किंवा सांभाळणारं माणूस गमावलं, असं युनिसेफने 2015 च्या सुरुवातीला सांगितलं होतं. त्यांतल्या कितीतरी घरांत हेच चाललं होतं.

आम्ही गावच्या प्रमुखाशी बोललो आणि पुन्हा तिच्याकडे गेलो, ते भर दुपारी, रस्ता वाहता असताना. तिने कसाव्याच्या पाल्याची भाजी आणि भात केला होता. ओसरीवर, सगळ्यांना दिसेल असं बसून आम्ही जेवलो. हस्तांदोलन अजून बंद होतं, पण अन्नाला बंदी नव्हती. प्रमुखाने दुसऱ्यांदा भाजी मागून घेतली आणि रस्त्यावर थांबलेल्यांना मोठ्याने सांगितलं, की या घरचं तेल मी नेतोय. मग त्याने बाटली भरून घेतली आणि पैसे मोजून दिले. तिच्या शेतातलं तण काढायला कोण कोण येणार, हेही तिथेच ठरलं.