छोट्या गॅलरीत बिनधास्त आत जा

नमस्कार श्रोतेहो. आज मला बोलायचंय छोट्या आर्ट गॅलऱ्यांबद्दल. मोठाली म्युझियम्स नाही म्हणत मी, एक-दोन खोल्यांची जागा, आर्टिस्ट लोकच मिळून भाडं भरतात, स्वतःच भिंती रंगवतात, स्वतःच आळीपाळीनं टेबलावर बसतात, आणि बाहेरून जाणारा माणूस मात्र "आपल्याला यातलं काय कळतंय" म्हणून आत पाऊलच टाकत नाही.

ही कल्पना आजची नाही बरं का. १८७४ साली पॅरिसमध्ये मोने, देगा, रेन्वार, बेर्थ मोरिसो अशा तीसेक आर्टिस्टांनी सहकारी संस्था काढली, कारण तिथल्या सरकारी प्रदर्शनाची निवड समिती त्यातल्या कित्येकांची चित्रं नाकारत होती, मग त्यांनी नादार या फोटोग्राफरचा जुना स्टुडिओ घेतला आणि महिनाभर आपलं आपण प्रदर्शन मांडलं, परीक्षक नाहीत की बक्षिसं नाहीत. पैशाच्या हिशेबात ते बुडालं, वर्षअखेरीस संस्थाही मोडावी लागली, पण त्यांच्या नव्या चित्रशैलीला इम्प्रेशनिझम हे नाव पडलं ते त्याच प्रदर्शनावरून. आणि १९७२ मध्ये न्यूयॉर्कला वीस बायकांनी मिळून ए.आय.आर. गॅलरी सुरू केली, कारण बाकीच्या गॅलऱ्या बायकांचं काम फारसं लावतच नव्हत्या. जागेची डागडुजीसुद्धा त्यांनीच केली. मला तर या वीस जणींचं फार कौतुक वाटतं.

आता अशा ठिकाणी नेमकं काय होतं? घरात चित्र भिंतीला टेकवून ठेवलेलं असतं तेव्हा ते फक्त आपलं असतं, गॅलरीत लागलं की अनोळखी माणूस त्याच्यासमोर थांबतो किंवा सरळ पुढं निघून जातो, आणि दोन्हीतून आर्टिस्टला काहीतरी कळतं. टांगायचं कामही बघण्यासारखं असतं. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ ते १५० सेंटिमीटरवर, म्हणजे नजरेच्या उंचीला आणतात, एकजण चित्र सरळ आहे का बघायला लेव्हल धरतो, दुसरा लांब उभा राहून "डावीकडं थोडं खाली" सांगत राहतो. जलरंगांवर लाइट मंदच ठेवतात, ५० लक्सच्या आसपास, लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप, नाहीतर रंग उडतात. नवखा आर्टिस्ट हे सगळं तिथंच शिकतो, कॉलेजात कुणी एवढं हाताला धरून दाखवत नाही.

पैशाचं म्हणाल तर कमर्शियल गॅलऱ्या विक्रीतला बऱ्याचदा निम्मा वाटा घेतात. सहकारी गॅलरीत सभासद वर्गणी भरतात, ड्युटी करतात, म्हणून कमिशन सहसा कमी असतं आणि आर्टिस्टच्या हातात जास्त उरतं. पण वर्गणी परवडत नाही असे गुणी लोक बाहेर राहतात, हा दोष आहेच, काही ठिकाणी त्यांच्यासाठी वेगळी जागा राखून ठेवतात, तसं सगळीकडंच व्हायला हवं असं माझं मत आहे.

तर एवढंच करा, दार उघडं दिसलं की आत जा, बहुतेक ठिकाणी तिकीट नसतं. टेबलावर बसलेली व्यक्ती बऱ्याचदा स्वतः आर्टिस्ट असते, तिला विचारा हे कसं केलं, किती वेळा खोडलं. आणि एखादं चित्र मनात बसलं पण एकदम पैसे देणं जमत नसेल तर हप्त्यानं देता येतील का तेही विचारा, लाजू नका.