‘थबकली’ म्हणजे कशी?

(जमिनीवर पसरलेला कागद. चिमुकल्या मुठीत मेणखडू.)

चारेक वर्षांचं मूल गिरगटतंय. गरागरा फिरणारी रेघ एकदाची सुरुवातीच्या टोकाला येऊन मिळते. गोल झाला! आत दोन ठिपके. मग जाहीर होतं, “ही आई.”

आई शेजारच्या खोलीत आहे. तरी ती कागदावर आली, हे त्याला पटलंय. एक खूण दुसऱ्या कशाच्या तरी जागी उभी राहू शकते, ही समज पुढे प्रत्येक अक्षराला लागते. लेव व्हिगॉट्स्की या मानसशास्त्रज्ञाने लेखनाची सुरुवात पाटी-पेन्सिलीच्या आधीच शोधली : हातवाऱ्यांत, खेळात आणि अशा चित्रांत.

(वर्ग. एक मुलगी उभं राहून वाचते आहे.)

“म्हातारी दाराशी थबकली.” वाचन अस्खलित, पण एका सुरात. बाई विचारतात, “थबकली म्हणजे?” “थांबली.” “करून दाखव बघू.”

मुलगी चालत येते, थांबते. बाकांवरून आवाज येतो, “ही तर नुसतीच थांबली!” ती पुन्हा येते. या वेळी पाऊल उचललेलं तसंच राहतं, मान किंचित वळते. तिने आत काहीतरी ऐकलंय. काय ऐकलं असेल, यावर वर्गात आता वाद पेटलाय. धड्यात तर ते लिहिलेलंच नाही.

परीक्षा जवळ आली की असे तास आधी कापले जातात. मग कलेची बाजू घेणारे घाईघाईने सांगतात, चित्रं काढा, गुण वाढतील! इथे जरा जपून. एलन विनर आणि लोइस हेटलँड या संशोधकांनी २००० साली अनेक अभ्यास एकत्र तपासले. चित्रकलेमुळे वाचन सुधारतं, असा भरवशाचा पुरावा त्यांना सापडला नाही. वर्गातल्या नाट्याबाबत मात्र सापडला. मुलांना अभिनय करून पाहिलेली गोष्ट तर जास्त उमगलीच, पण न केलेले नवे उतारेही अधिक चांगले कळले.

चित्राचं काय मग? मुलांना चित्र काढायचं असतं. तास ठेवायला तेवढं पुरे, गुणांची शिफारसचिठ्ठी कशाला हवी?

(तोच वर्ग, दुसरा दिवस. मूक वाचन.)

आज नाटक नाही, धडाही वेगळा. मघाची ती मुलगी खाली मान घालून वाचते आहे. एका ओळीवर तिचं बोट थांबतं. बाकाखाली तिचा एक पाय हळूच उचलला जातो.