रविवारी माग बंद

(मागाचा मूळ आवाज. निवेदन त्यावरच सुरू.)

सोलापूरचा पूर्व भाग. मागाच्या वर जॅकार्डच्या, म्हणजे नक्षी ठरवणाऱ्या यंत्राच्या, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरतेय. एक पुठ्ठा म्हणजे बाण्याचा, आडवा, एक धागा. चादरीवरचं हे फूल पुरं व्हायला असे कितीतरी पुठ्ठे खालीवर व्हावे लागतात.

बीम, म्हणजे ताण्याचे उभे धागे गुंडाळलेला रूळ, संपला. माग थांबला. आता नव्या बीमचा एकेक धागा जुन्या ताण्याच्या टोकाला जोडायचा. दोन बोटांत धरायचा, पीळ द्यायचा, पुढचा घ्यायचा. हा माग चालवणाऱ्या भाऊंची बोटं पाहा. ते बोलतायत आपल्याशी, बोटं मात्र चुकत नाहीत. हे काम चालत्या मागावर आजवर कुणाला जमलेलं नाही.

संध्याकाळपर्यंत जोडणी होईल. तरी माग सुरू व्हायचा नाही, कारण उद्या रविवार. भाऊ ख्रिस्ती आहेत. त्या दिवसाची कमाई बुडते, ती बुडते.

(जुन्या मिलचा परिसर.)

ही जुनी मिल. १८७७ साली सुरू झाली, तेव्हा गिरणी कामगाराला आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे १८९० साली मुंबईच्या गिरण्यांत रविवार सुट्टीचा झाला. लोखंडे सत्यशोधक. रविवार हा खंडोबाचा वार, हाही त्यांच्या मागणीतला एक मुद्दा होता, असं सांगतात. आपल्याकडे रविवार फक्त मिशनऱ्यांनी आणला असं मानणाऱ्यांनी हे जरूर ऐकावं.

पुढे मिल बंद पडली. भोंगाही गेला. माग घराशेजारच्या शेडमध्ये आला, आणि थांबायची वेळ सांगणारं कुणी उरलं नाही.

शब्बाथाची, म्हणजे आठवड्यातल्या विसाव्याच्या दिवसाची, आज्ञा पवित्र शास्त्रात, बायबलमध्ये, दोनदा येते. ‘निर्गम’ या पुस्तकात कारण दिलंय, देवाने सातव्या दिवशी विसावा घेतला. ‘अनुवाद’ या पुस्तकात कारण वेगळं आहे: तू मिसर देशात, म्हणजे इजिप्तमध्ये, दास होतास, हे आठव. तिथल्या राजाच्या, फारोच्या, विटा पाडणाऱ्याला सुट्टी कुठली? म्हणून तुझा दास, तुझी दासी, तुझा बैलसुद्धा त्या दिवशी थांबला पाहिजे. विसावा हा आळस नव्हे, सुटका झालेल्या माणसाची ती खूण आहे, असं आमचं मत आहे. भाऊ एवढं बोलत नाहीत. ते बटण बंद करतात.

(रविवार सकाळ. चर्चचं आवार.)

पण हा रविवार बघा. उपासना. मग संडे स्कूल. मग महिला मंडळ, तरुण संघ, कमिटीची बैठक. संध्याकाळी घरोघरी प्रार्थना सभा. निळ्या साडीतल्या बाई सकाळपासून आवारात आहेत. घरचा स्वयंपाक त्यांनी पहाटेच उरकलाय. प्रभूचं काम आहे, नाही कसं म्हणायचं, असं त्या म्हणतात. त्यांची पाठ दुखते, घरचे रुसतात, तेही आहेच.

(चूल. कडक भाकरी.)

बायबलमधला एलीया संदेष्टाही प्रभूच्याच कामाने थकला होता. रानात झुडपाखाली निजला आणि मरण मागू लागला. देवदूताने त्याला उपदेश केला नाही. ऊठ, खा, म्हणाला. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं होतं. एलीयाने खाल्लं आणि तो पुन्हा झोपला. देवदूताने झोपू दिलं. देवाचा आवाज ऐकायला तो होरेब डोंगरावर पोहोचला तो नंतर, दुसऱ्यांदा जेवून.

(बाईंचा चेहरा. इथे निवेदन नाही.)

आता या चर्चच्या मंडळीने ठरवलंय, महिन्यातल्या एका रविवारी उपासनेनंतर एकही सभा ठेवायची नाही. कमिटीत वाद झाला. लोक घरी जाऊन मोबाइलच बघत बसतील, असं काहींचं म्हणणं. बसू देत की. बाईंनी मात्र लगेच विचारलं, मग त्या दिवशी नाताळच्या नाटकाची तालीम घेऊ का?

चर्चच्या पाळकांची, म्हणजे धर्मगुरूंची, सुट्टी सोमवारी असते. आम्ही सोमवारी त्यांच्याकडे गेलो, तेव्हा ते एका घराच्या पायाभरणीच्या प्रार्थनेला निघाले होते.