मागचं आभाळ

[दृश्य : बडोद्याचा सूरसागर तलाव, सकाळ. तलावाच्या मधोमध शंकराची उंच मूर्ती. काठाने जाणारी स्कूटर.]

सकाळी साडेसहाला मी आणि आई एकाच स्कूटरवरून निघायचो. दांडिया बाजारातून सूरसागरच्या कडेने. मी पुढे, आई मागे, तिच्या मांडीवर तपासलेल्या वह्यांचा गठ्ठा. शाळेच्या फाटकाच्या थोडं अलीकडे एक पिंपळ होता. तिथे आली की ती खांद्यावर बोट टेकवायची. "थांबव." उतरून पदर सारखा करायची आणि उरलेली पन्नास पावलं एकटी चालत यायची.

मी स्कूटर लावून मस्टरवर सही करत असायचे, तोवर ती मागे येऊन उभी राहायची.

"नमस्कार, बाई."

"नमस्कार."

सहा वर्षं आम्ही मायलेकींनी एकमेकींना रोज असा नमस्कार केला.

[दृश्य : रिकामा वर्ग. फळा. खिडकीतून समोरच्या वर्गाची खिडकी.]

बडोद्यातल्या मराठी शाळेत शिक्षिकेला बाई म्हणतात. गुजराती सहकारी तिला बेन म्हणत. आई म्हणणारी मी एकटी, आणि मलाच ते म्हणायची मनाई. पहिल्याच आठवड्यात चूक झाली. मधल्या सुट्टीत मी शिक्षकखोलीच्या दारातून हाक मारली, "आई गं, तुझा डबा माझ्या पिशवीत राहिला." कोणी हसलं नाही. सगळ्यांनी माना खाली घातल्या, ते जास्त लागलं. घरी आल्यावर चहा गाळता गाळता ती म्हणाली, "तिथे तुला आई नाही असं समज." मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. ते वाक्य मला फार कठोर वाटलं होतं. आजही वाटतं.

ती मराठी शिकवायची आणि पर्यवेक्षिका होती. मी चित्रकला. माझ्या मुलाखतीच्या दिवशी तिने रजा घेतली होती, शाळेच्या आवारातसुद्धा पाऊल ठेवलं नव्हतं. तरी लोकांनी जे म्हणायचं ते म्हटलंच. वेळापत्रक तिच्या हातात. कोणी रजेवर गेलं की त्याचा तास दुसऱ्याला द्यायचा, त्याला आम्ही प्रॉक्सी म्हणायचो. चित्रकलेच्या शिक्षकाला असेही प्रॉक्सी जास्तच मिळतात, कारण चित्रकला हा काही विषय आहे असं अनेकांना वाटत नाही. मला त्याहूनही जास्त मिळायचे. एका महिन्यात अकरा. माझ्या शेजारी बसणाऱ्या गणिताच्या सरांना चार.

एकदा मी रात्री भाजी निवडताना विषय काढला. ती म्हणाली, "लोक मोजतात गं."

मीही मोजत होते, हे तिच्या ध्यानात आलं नाही. की आलं होतं? आपल्या माणसाला झुकतं माप देऊ नये हे खरंच. पण झुकतं माप दिलं नाही हे जगाला दिसावं म्हणून आपल्याच माणसाच्या ताटातलं काढून घ्यायचं, हा न्याय मला कधीच पटला नाही. एकाच ठिकाणी काम करणाऱ्या बाप-लेकांनी, नवरा-बायकोंनी, भावंडांनी मला हेच सांगितलं आहे. परक्याच्या चुकीला समज मिळते, घरच्याच्या चुकीला मेमो.

पण एक गोष्ट मला तिथेच मिळाली, दुसरीकडे कुठेच मिळाली नसती. चौथ्या तासाला माझ्या वर्गाच्या खिडकीसमोर तिच्या वर्गाची खिडकी यायची. ती तुकोबांचा अभंग शिकवत असली की आधी फळा स्वतः पुसायची, वरपासून खालपर्यंत, सरळ पट्ट्यांत. मग म्हणायची. मोठ्याने नाही, पण शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असं. घरी तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. घरातला तिचा आवाज दूधवाल्याच्या हिशोबाचा, गॅस बंद केलास का विचारणारा. हा दुसरा आवाज तिने पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या मुलांना दिला होता, आणि मी तिची मुलगी असून तो मला नोकरी लागल्यावर ऐकू आला.

[दृश्य : लक्ष्मी विलास राजवाड्याचं आवार, दुपारची उन्हं. फत्तेसिंह संग्रहालयाची पायरी.]

मी चित्रकलेची, म्हणून मला दोन भाऊ सारखे आठवतात. थोरला १८४८चा, धाकटा १८६०चा. त्रावणकोरातल्या, म्हणजे आजच्या केरळातल्या, किळिमानूरचे. थोरल्याचं नाव राजा रविवर्मा, ते आपल्याकडे घराघरांत पोचलं. धाकट्याचं राजा राजवर्मा.

महाराज सयाजीराव गायकवाडांना २८ डिसेंबर १८८१ रोजी बडोदा राज्याचे पूर्ण अधिकार मिळाले. दिवाण होते सर टी. माधवराव. ते आधी त्रावणकोरचे दिवाण होते, रविवर्म्यांना ओळखत होते. त्यांच्यामुळे हे भाऊ बडोद्याला आले आणि राजघराण्यातल्या माणसांची व्यक्तिचित्रं रंगवू लागले. पुढे १८८८मध्ये महाराजांनी रामायण-महाभारतातल्या प्रसंगांवर चौदा चित्रं मागितली. नुसती कथा माहीत असून भागणार नव्हतं. मेनकेने काय नेसावं, सुभद्रेने पदर कसा घ्यावा? त्यासाठी दोघे उत्तरेत हिंडले, वेश बघत, माणसं बघत. १८९०च्या सुमारास चित्रं पुरी झाली. अर्जुन-सुभद्रा, विश्वामित्र-मेनका, शंतनू आणि मत्स्यगंधा, अशी.

या कामात वाटणी होती. चेहरे, हात, अंगावरचं रेशीम, हे थोरल्याचं. मागचा निसर्ग, झाडं, पाणी, आभाळ, यांत धाकट्याचा हात मोठा. शिवाय पत्रव्यवहार त्याच्याकडे, गिऱ्हाइकांशी बोलणं त्याच्याकडे. १८९४मध्ये मुंबईत चित्रं छापायचा कारखाना काढला, त्याचा व्यापही बराचसा त्याच्याच डोक्यावर. लक्ष्मी-सरस्वतीच्या त्या छापील तसबिरी आपल्या आज्या-पणज्यांच्या देव्हाऱ्यात गेल्या. कारखाना मात्र तोट्यात गेला आणि पुढे एका जर्मन तंत्रज्ञाला विकावा लागला.

धाकटा स्वतः उत्तम निसर्गचित्रकार होता. स्वतःची चित्रं स्वतःच्या नावाने प्रदर्शनात ठेवायचा. इंग्रजीत रोजनिशी लिहायचा, १८९५ ते १९०४ या काळातली. रविवर्मा कुठे गेले, कोणाचं चित्र चाललं होतं, ते दिवस कसे गेले, यातलं पुष्कळ आज आपल्याला कळतं ते धाकट्याने लिहून ठेवलं म्हणून.

चित्रावर सही एकाची.

मत्स्यगंधेच्या चित्रासमोर मी उभी राहते तेव्हा आधी मागे बघते. कोणत्या ढगावर कोणाचा कुंचला फिरला ते रंग सांगत नाहीत. बारा वर्षांनी मोठ्या भावाबरोबर, सकाळपासून उजेड असेपर्यंत एकाच खोलीत उभं राहायचं, त्याच कॅनव्हासवर, आणि संध्याकाळी जेवायलाही त्याच्याच पंगतीला बसायचं. थोरल्याने "हे आभाळ पुन्हा कर" म्हटलं असेल, तर ते मालकाचं बोलणं की भावाचं? राजवर्मा १९०५मध्ये गेला. थोरला त्यानंतर दोन वर्षंही जगला नाही, २ ऑक्टोबर १९०६ला गेला.

बडोद्याला अशा घरांची सवय आहे. उस्ताद मौलाबक्षांनी १८८६मध्ये इथे गायनशाळा सुरू केली, तिथे त्यांचे जावई शिकवत होते, मुलगा होता, आणि पुढे नातूही, तेच सूफी संगीतकार इनायत खाँ, जे १९१०मध्ये भाऊबंदांबरोबर अमेरिकेला गेले. सासरा वरिष्ठ आणि जावई हाताखाली! त्या घरातल्या बायकांनी दोन्हीकडची बाजू किती वेळा सांभाळली असेल, हे मला राहून राहून वाटतं.

[दृश्य : जमिनीवर पसरलेलं मांजरपाट. रंगाची बादली, रुंद ब्रश.]

आता पडद्याची गोष्ट.

चौथ्या वर्षी स्नेहसंमेलनात आईने नाटुकलं बसवलं. नाशिककडच्या कवळाण्याचा बारा वर्षांचा गोपाळ, शेतकऱ्याचा मुलगा, १८७५मध्ये बडोद्याला येतो, दत्तक घेतला जातो आणि सयाजीराव होतो. पहिला प्रवेश कवळाण्यातला. मागे माळरान हवं होतं. मी पंधरा फुटांचं मांजरपाट घेतलं, शाळेच्या गच्चीवर पसरलं, पांढऱ्या डिस्टेंपरमध्ये निळा स्टेनर घालून आभाळ काढलं. संध्याकाळचं. खाली उघडा डोंगर. पाच रविवार गेले. ओणवं बसून कंबर धरली होती. आई रविवारी गच्चीवर डबा घेऊन यायची, उभी राहून बघायची. एकदा म्हणाली, "उजवीकडे जरा उजेड कमी कर. गोपाळ तिथून निघणार आहे." मी कमी केला. तिचं बरोबर होतं.

छापील कार्यक्रमपत्रिका आली. लेखन-दिग्दर्शन, तिचं नाव. पेटी, तबला, वेशभूषा, सगळ्यांची नावं. पार पडदा ओढणाऱ्या शिपाईकाकांचं. नेपथ्याची ओळच नव्हती.

मी कारकुनाकडे गेले. त्याने कच्ची प्रत दाखवली. माझं नाव होतं. लाल शाईने खोडलेलं. ते लाल पेन मी लहानपणापासून ओळखत होते.

घरी मी काही विचारलं नाही. तीच म्हणाली, "एकाच घरातली दोन नावं एका कागदावर बरी दिसत नाहीत."

आठ दिवस मी तिच्याशी घरात बोलले नाही. बाबा मधे बसून मुकाट जेवायचे. गंमत म्हणा किंवा दुर्दैव म्हणा, शाळेत मात्र आमचं बोलणं चालू होतं, कारण तिथे बोलावंच लागायचं. "बाई, सातवी ब-चं हजेरीपत्रक." "बाई, रंगांची खरेदी मंजूर झाली का?" ती उत्तर द्यायची, हो किंवा नाही. त्या आठवड्यात मला कळलं की बाई आणि आई ही दोन माणसं आहेत, आणि माझं भांडण दोघींपैकी एकीशीच आहे. नववा दिवस उजाडला तेव्हा पिंपळापाशी मी स्कूटर थांबवली नाही. सरळ फाटकातून आत नेली. ती काही बोलली नाही. फक्त खांद्यावरचं बोट तिने लगेच काढलं नाही.

पुढची दोन वर्षं आम्ही फाटकातून एकत्र आत गेलो. मग ती निवृत्त झाली. मी अजून शिकवते. पिंपळ रस्तारुंदीत गेला.

[दृश्य : घरातलं टेबल. कागदांवर झुकलेला पांढरा अंबाडा. हातात लाल पेन.]

हे निवेदन मी लिहिलं आणि तिच्यापुढे ठेवलं. ती आता चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. चष्मा लावून दोन तास बसली. सात ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केलं. स्वतःचं कौतुक असलेली दोन वाक्यं काढून टाकली, ती मी पुन्हा घातली नाहीत. पडद्याच्या मजकुरापाशी ती बराच वेळ थांबली. पेन कागदापासून चार बोटं वर. मग पान उलटलं.

शेवटी नामावली होती. लेखन आणि आवाज, माझं नाव. संहिता तपासणी, तिचं. तिने ती वाचली आणि पेन खाली ठेवलं.

"आडनाव तरी एकदाच लिही," म्हणाली.

मी दोनदा लिहिलं आहे.