अकरावी चाल: बर्न विरुद्ध फिशर, १९५६

१७ ऑक्टोबर १९५६. न्यूयॉर्कचा मार्शल चेस क्लब, रोझेनवाल्ड स्मृती स्पर्धा. पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळतायत २६ वर्षांचे डोनाल्ड बर्न, १९५३च्या यूएस ओपन बुद्धिबळ स्पर्धेचे विजेते. काळ्या मोहऱ्यांनी १३ वर्षांचा बॉबी फिशर.

या डावातलं वजिराचं बलिदान जगभर गाजलं. पण डाव फिरला तो त्याच्या सहा चाली आधी.

पांढऱ्याची बाजू बघा. पहिल्या दहातल्या तीन चाली एकट्या वजिरानेच खाल्ल्या. एफ-१चा उंट (अक्षर म्हणजे पटावरची उभी पट्टी, आकडा म्हणजे आडवी ओळ) जागचा हललेला नाही, त्यामुळे कॅसलिंग, म्हणजे राजा-हत्तीची एकत्र चाल करून राजाला सुरक्षित बाजूला नेणं, अडलंय आणि राजा इ-१वरच. आता तो उंट इ-२वर घ्यायला हवा होता. बर्न यांनी आधीच बाहेर असलेला दुसरा उंट पुन्हा हलवला, जी-५वर.

फिशरने घोडा ए-४वर नेला. फुकटात मिळतोय असं वाटतं. पण सी-३च्या घोड्याने तो मारला, की इ-४च्या प्याद्याचा राखणदार जातो. काळ्याचा दुसरा घोडा ते प्यादं मारतो आणि सी-५चा वजीर, जी-५चा उंट दोघांवर एकदम हल्ला चढवतो. या डावातली सर्वांत देखणी चाल हीच.

बर्न यांनी ते ओळखून वजीर ए-३ला मागे घेतला. तरी इ-४चं प्यादं गेलंच, इ-पट्टी उघडली आणि सोळाव्या चालीला काळ्या हत्तीचा शह बसला. राजा एफ-१वर. कॅसलिंग संपलं, एच-१चा हत्ती कोंडला.

सतरावी चाल. काळ्याचा वजीर बी-६वर माराखाली आहे. फिशर तो तसाच सोडून उंट इ-६वर आणतो. पांढऱ्याने हा उंट मारला तर वजीर बी-५वरून शह देतो, घोडा इ-२ आणि जी-३वरून. मग वजीर एफ-१वर बळी जातो, तिथे पांढऱ्याच्याच हत्तीने राजाची वाट बुजते आणि घोडा इ-२वर मात करतो.

बर्न यांनी वजीर घेतला. फिशरच्या उंटाने सी-४चा पांढरा उंट मारून शह दिला. आता सी-४वरच्या या काळ्या उंटाच्या रेषेत काळा घोडा आत-बाहेर करतो. तो हलला की उंटाचा शह, परतला की घोड्याचा. या शहांत डी-४चं प्यादं जातं, घोडा सी-३वर पोहोचतो आणि मग ए-प्यादं बी-६चा उंट मारतं. पंचविसाव्या चालीला हिशेब असा: एका वजिराच्या बदल्यात हत्ती, दोन उंट, एक प्यादं.

पांढऱ्याचा वजीर बी-८वर एकटा पडतो. ४१व्या चालीला काळा हत्ती सी-२वर. मात.